परदेशी सावकाराच्या घरचं पाणी

आबांच्या शर्टाच्या डाव्या खिशात दोनशे ग्रॅमचं पितळी वजन असायचं. त्यामुळे त्यांच्या झाडून सगळ्या शर्टांचे डावे खिसे खाली ओघळलेले, आणि चालताना ते स्वतःही थोडे डावीकडे कललेले. वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यावरही ते वजन त्यांनी सोडलं नाही. ते सरकारी नव्हतं, स्वतःच्या पैशानं घेतलेलं होतं. मुदत संपली की ते खात्याच्या कार्यालयात जात, रांगेत उभे राहत, फी भरत आणि त्याच्यावर नवा शिक्का मारून घेत. निवृत्त साहेबांनी रांगेत कशाला उभं राहायचं, असं तिथली मुलं म्हणाली, तेव्हा आबांचं उत्तर होतं, "मी निवृत्त झालोय. वजन झालेलं नाही."

भाजी घ्यायला गेले की आधी ते वजन भाजीवालीच्या काट्यावर ठेवत. काटा दोनशे दोन दाखवायला लागला तर घेत नसत, हे समजण्यासारखं आहे. पण एकशे अठ्ठ्याण्णव दाखवला तरी घेत नसत. त्यात गिऱ्हाइकाचा फायदा असतो, हे मी त्यांना एकदा धुळ्यात देवपूरच्या बाजारात सांगितलं होतं. भाजीवालीनंही सांगितलं होतं, "घ्या ना आबा, तुमचंच भलं आहे." आबा वजन खिशात टाकत म्हणाले, "काट्याला बाजू नसते, बाई. चूक ती चूक." आणि आम्ही मेथी न घेता घरी आलो.

हे वाक्य मला नवीन नव्हतं. आमची ओळखच त्या वाक्यानं झाली. मी जळगावला एका डाळमिलमध्ये हिशेब लिहितो. अठरा वर्षांपूर्वी आबा तिथे काटा तपासायला आले होते. शंभर किलोमागे आमचा काटा चाळीस ग्रॅम कमी दाखवत होता, म्हणजे दर क्विंटलला मिलची चाळीस ग्रॅम डाळ फुकट जात होती. मालक हात जोडून म्हणाले, "साहेब, नुकसान तर आमचंच होतंय." आबांनी तेच वाक्य ऐकवलं आणि काटा बंद केला. नंतर फीची पावती त्यांनी माझ्याकडे दिली. मी बेरीज तपासली. ती दहा रुपयांनी कमी होती. मी तसं सांगितलं आणि दहा रुपये जास्तीचे पुढे केले. आबांनी पावती पुन्हा तपासली, चष्मा काढला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "भाऊ, तुम्ही कुठले?" असं त्यांनी विचारलं. तेव्हापासून त्यांचं आयकराचं विवरणपत्र मी भरतो. माझा तो धंदा नाही. नातेवाईक आणि ओळखीचे मिळून चौदा जणांचं भरतो, पैसे घेत नाही.

आबांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात होतं: शिक्का नाही तर किलो नाही. लोखंडाचा तुकडा हजार ग्रॅम भरला म्हणून तो किलो होत नाही, सरकारनं शिक्का मारला की होतो. हे त्यांनी जन्मभर वजनांना लावलं आणि निवृत्तीनंतर माणसांना लावायला लागले. लग्नपत्रिका आली की पाकिटावर 'पोचली', तारीख आणि सही करून पाकीट ज्यानं आणलं त्यालाच दाखवत. डॉक्टरनं ब्लडप्रेशर मोजलं की त्या यंत्राची तपासणी शेवटची कधी झाली ते विचारत. धुळ्यात दोन डॉक्टरांनी त्यांना दुसरीकडे जायला सुचवलं होतं.

फक्त एका गोष्टीला त्यांनी कधी शिक्का मागितला नाही. लग्न झालेल्या लेकीच्या घरचं पाणीही बापानं पिऊ नये, हे त्यांना त्यांच्या आईनं नरडाण्याजवळच्या त्यांच्या गावी सांगितलं होतं. आमच्याकडे जुनी माणसं हे पाळत. आता कोणी पाळत नाही. ज्यांना पाळायचं असतं तेसुद्धा, नातवंड झालं की चालतं, अशी सवलत घेतात. आबांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, हीच सवलत मागत होत्या.

"नात झाल्यावर चालतं म्हणतात," मीही एकदा म्हणून बघितलं.

"म्हणतात कोण? लेखी आहे कुठे?"

"मग पिऊ नये हे तरी कुठे लेखी आहे?"

"ते माझ्या आईनं सांगितलंय," आबा म्हणाले. विषय संपला.

त्यांना एकच मुलगी, ज्योती. लग्नानंतर दोन वर्षं ती पुण्याला होती. आबा एकदा तिच्याकडे गेले होते. जाताना धुळ्याहून पाच लिटरचा पाण्याचा कॅन आणि डब्यात बट्ट्या घेऊन गेले. जावयाच्या सोफ्यावर बसून घरचं पाणी प्यायले, घरच्या बट्ट्या कुस्करून खाल्ल्या, मुलीच्या संसाराचं कौतुक केलं आणि परत आले. नंतर ज्योती आणि जावई जर्मनीला गेले. तिथे तिला मुलगी झाली. नात पाच वर्षांची झाली तरी आबा-अक्कांनी तिला फोनवरच पाहिली होती, कारण ज्योतीला रजा मिळत नव्हती आणि महिनाभराचं पाणी विमानात नेता येत नव्हतं.

अक्का एकट्या जायला तयार नव्हत्या. विमानाची भीती नव्हती. मागे आबा काय खातील आणि कोणाकोणाशी भांडतील, याची होती. त्या मला फोन करून म्हणायच्या, "हाऊ माणूस जनमभर दुसरानं वजन मोजत ऱ्हायना. मी मन्ही नातले कधी दखसू?"

अशात आबांनी देवपुरातल्या त्यांच्या प्लॉटवर घर बांधायला काढलं. साठीच्या पुढच्या माणसाला बँक वीस वर्षांचं कर्ज देत नाही. फंडाचे पैसे जोत्यात आणि भिंतीत संपले, स्लॅब राहिला. ज्योतीला अक्कांकडून कळलं. तिनं तिच्या इथल्या खात्यातून वीस लाख रुपये बापाच्या खात्यात टाकले आणि फोन केला, "बाबा, परत द्यायचे नाहीत."

ते पैसे अकरा दिवस खात्यात तसेच पडून होते. बाराव्या दिवशी आबा जळगावला आले. पारोळ्यामार्गे बसनं आले होते आणि उन्हानं लाल झाले होते. बसायच्या आधीच म्हणाले, "मी लेकनं फुकट खावाव नही." आबा माझ्याशी नेहमी ऑफिसचं मराठी बोलत. अहिराणीत आले म्हणजे प्रकरण गंभीर.

मी म्हटलं, "कर्ज म्हणून घ्या. व्याज द्या. घरासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, आणि कर्ज देणारी बँकच पाहिजे असं नाही. मुलगी चालते. मुलगी परदेशात असली तरी चालते."

आबा आता कुठे खुर्चीत बसले. मग म्हणाले, "म्हणजे सरकार मानेल, की हे कर्ज आहे?"

"वजावट मान्य केली म्हणजे मानलंच की."

हे वाक्य मी बोललो नसतो तर पुढचं काही घडलं नसतं. आबांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी त्यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, सराफाच्या दुकानात, तिथल्या काट्यानं त्यांचं पितळी वजन बरोबर दोनशे दाखवलं तेव्हा.

सहा टक्के व्याज ठरलं. वर्षाला एक लाख वीस हजार, दर तिमाहीला तीस हजार. ज्योती नको नको म्हणत असताना आबांनी घर तिच्याकडे गहाण टाकलं, मुद्रांक भरून. बँका गहाण घरावर पाटी रंगवतात, तशी पाटी लागेल असं त्यांच्या मनानं घेतलं. फाटकाशेजारच्या भिंतीवर निळ्या रंगात अक्षरं उमटली: 'सदर मालमत्ता परदेशी सावकाराकडे गहाण आहे.' गल्लीत कळलं की आबा मोबाइलवरच्या कुठल्यातरी चिनी कर्जात फसले. समोरचे एक गुरुजी संध्याकाळी येऊन हळूच म्हणाले, "आबा, काही लागलं तर सांगा. एवढं मनाला लावून घेऊ नका." आबांनी त्यांना घरात बोलावून गहाणखत वाचून दाखवलं. गुरुजी पुन्हा आले नाहीत.

मुलीशी फोनवर बोलतानाही फरक पडला. आधी ज्योती असायची. आता व्याजाची तारीख जवळ आली की आबा म्हणत, "सावकार आहेत का घरी?" नात फोन घ्यायची आणि आईला जर्मनमध्ये काहीतरी सांगायची. ज्योती हसायची. तेव्हा तिला हसू येत होतं.

पहिल्या वर्षीचं व्याज आबांनी स्वतः पाठवलं, मला न विचारता, थेट तिच्या तिकडच्या खात्यात. बँकेच्या फॉर्मवर कारण लिहायचं होतं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "कोणाला पाठवताय काका?" आबा म्हणाले, मुलीला. तिनं रकान्यावर खूण केली: 'जवळच्या नातेवाइकाचा निर्वाह'. आबांनी वाचलं नाही. आयुष्यात एकच कागद त्यांनी न वाचता सही केला आणि तो हा.

दुसरी चूक माझी. परदेशात राहणाऱ्याला व्याज द्यायचं असेल तर देणाऱ्यानं त्यातून आधी कर कापून सरकारकडे भरायचा असतो. कापला नाही तर ते व्याज वजावटीला चालत नाही. मला हे माहीत असायला हवं होतं. चौदा माणसांत परदेशी सावकार कोणालाच नव्हता, म्हणून मी तो नियम कधी वाचला नव्हता. हे कारण आहे, सबब नाही.

विवरणपत्रात आता कर्ज देणाऱ्याचं नाव आणि कर्जाचा खातेक्रमांकही विचारतात. मुलीच्या कर्जाला खातेक्रमांक कुठला? आबांनी तो तयार केला: १. "पुढे दुसरं कर्ज काढलं तर २," असं त्यांनी समजावलं. आम्ही ते भरलं. काही महिन्यांनी खात्याकडून कागदपत्रांची विचारणा आली. आम्ही गहाणखत आणि बँकेचा फॉर्म जोडला. त्या फॉर्मवर खुद्द आबांच्या सहीनं लिहिलेलं होतं की हे पैसे मुलीच्या निर्वाहासाठी आहेत. करही कापलेला नव्हता. उत्तर आलं: व्याजाची वजावट अमान्य.

दोन दिवसांनी अक्कांचा फोन आला. "भाऊ, या हो तुम्ही. हे फाटकाबाहेर जेवतायत."

मी रविवारी गेलो. दुपारी साडेबाराची वेळ, धुळ्याचं ऊन. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला, त्या निळ्या पाटीखाली, आबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मांडीवर ताट घेऊन वरण-बट्टी खात होते. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. खिशात वजन होतंच. दोन रिक्षावाले थांबून बघत होते.

"आबा, आत चला."

"आत कसा चलू? सरकारनं सांगितलं, कर्ज नाही. कर्ज नाही म्हणजे फुकट. फुकट म्हणजे स्लॅब लेकीचा. त्या स्लॅबखाली जेवलो तर लेकीच्या घरी जेवलो."

"मग झोपता कुठे?"

"झोपायचं आईनं सांगितलं नव्हतं. खाण्यापिण्याचं सांगितलंय."

अक्का फाटकाच्या आत पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्या तांब्या बाहेर द्यायच्या, आबा पाणी प्यायचे, तांब्या परत आत जायचा. पाणीही समोरच्या गुरुजींच्या नळाचं होतं. अक्का म्हणाल्या, "पाच दिवस व्हयनात. पानी पीवाले बी शिक्का लागस का?"

"लागस," आबा म्हणाले.

मी कुंपणाच्या जोत्यावर बसून त्यांना समजावलं. अमान्य झाली ती वजावट. कर्ज खोटं ठरलेलं नाही. फक्त कर कापला नाही म्हणून व्याज मोजलं गेलं नाही. काटा बरोबर आहे, शिक्का राहिलाय. पुढच्या वर्षी कर कापू आणि वजावट मागू. हे शेवटचं वाक्य त्यांना पटलं. त्यांनी ते माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं. सहीखाली शिक्का मारा म्हणाले. माझ्याकडे मिलचा 'आवक' असा शिक्का असतो, पण तो मिलचा आहे, म्हणून मी मारला नाही. माझ्या या नकारामुळेच त्यांचा माझ्यावर विश्वास बसला असावा. कागद घडी करून वजनाच्या खिशात ठेवला आणि ताट घेऊन आत गेले.

दारातून वळून अक्कांना म्हणाले, "पुढच्या वर्षी सरकारनं ज्योतीला सावकार मानलं, तर जर्मनीला जाऊ."

"काय?" अक्का म्हणाल्या.

"आईनं लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये असं सांगितलंय. सावकाराच्या घरचं पिऊ नये असं नाही सांगितलेलं. कर्जदार सावकाराच्या दारात जातो आणि पाणी पितो. जगाची रीत आहे."

त्या दिवसापासून अक्काही नियमांत शिरल्या. त्यांना आता वजावट हवी होती. धुळ्यात इतक्या आतुरतेनं वजावटीची वाट पाहणारी दुसरी बाई झाली नसेल.

कर कापायचा तर कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक काढावा लागतो. तो मिळाला तेव्हा आबांना कळलं की हा क्रमांक कारखान्यांना, बँकांना आणि सरकारी कार्यालयांनाच असतो. त्यांनी तो दारावरच्या पाटीवर नावाखाली लिहून घेतला. पहिल्या तिमाहीला तीस हजारांतून एकतीस रुपये वीस पैसे शेकडा या दरानं नऊ हजार तीनशे साठ कापले, सरकारजमा केले आणि उरलेले वीस हजार सहाशे चाळीस ज्योतीच्या इथल्या खात्यात भरले. या वेळी कारणाच्या ठिकाणी 'व्याज' असं त्यांनी स्वतः तीनदा लिहिलं. शेवटी बँकेनं नवा फॉर्म दिला.

रात्री ज्योतीचा फोन आला. आबांनी तो स्पीकरवर ठेवला होता आणि मी योगायोगानं तिथेच होतो.

"बाबा, तीस हजारांतले नऊ हजार तीनशे साठ कुठे गेले?"

"सावकार, ते तुमच्या नावानं सरकारात भरले."

"मी व्याज मागितलंच नव्हतं. आता न मागितलेल्या व्याजावर कर भरते आहे. आणि हे उत्पन्न मला इथेही दाखवावं लागतं."

"दाखवायलाच पाहिजे," आबा म्हणाले. "लपवू नका."

तिनं मला बोलायला सांगितलं. "काका, तुम्ही तरी हिशेब करा ना." मी केलेलाच होता. तो तिला सांगितला. शंभर रुपये व्याजावर तुझे एकतीस रुपये वीस पैसे जातात, आबांचे वीस रुपये ऐंशी पैसे वाचतात. म्हणजे घरातल्या घरात पैसे फिरवून कुटुंब शंभरामागे दहा रुपये चाळीस पैसे गमावतं. वर्षाचे बारा हजार चारशे ऐंशी.

पलीकडे ज्योतीनं आकडे परत म्हणून बघितले. मग ज्योती म्हणाली, "आणि हे बाबांना माहीत आहे?"

"पैशापर्यंत," मी म्हटलं.

मार्ग होता. तिनं तिकडच्या कर कार्यालयाचा रहिवासाचा दाखला दिला तर दोन देशांतल्या करारानं दहाच टक्के कापावे लागतात, आणि मग कुटुंब फायद्यात येतं. ज्योतीनं दाखला मागवून पाठवला. त्यावर शिक्का नव्हता. खाली छापलं होतं की हा कागद यंत्रावर तयार झाला असून सहीची आवश्यकता नाही. आबांनी तो भिंग घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत पाठवला. ज्योतीला अर्ध्या दिवसाची रजा काढून कर कार्यालयात जावं लागलं. तिथल्या बाईला तिनं काय सांगितलं कोण जाणे, पण दुसरा दाखला आला त्यावर सही होती आणि गोल शिक्का होता. आबा म्हणाले, "देश चांगला आहे."

उरलेल्या तीन तिमाह्यांना दहा टक्क्यांनी कर कापला. मार्च संपला. सगळे कागद एका फायलीत तारखेवार लागले. काही राहिलं नव्हतं, असं मला वाटत होतं.

जुलैमध्ये मी आकडेमोड करायला बसलो आणि माझ्या लक्षात आलं, की मुळातच घोटाळा आहे. आता कराच्या दोन पद्धती आहेत, नवी आणि जुनी; आदल्या वर्षी मी सवयीनं जुनीच धरली होती. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर नाही, पण राहत्या घराच्या व्याजाची वजावटही नाही. आबांचं निवृत्तिवेतन महिन्याला पासष्ट हजार, वर्षाचं सात लाख ऐंशी हजार. दुसरं उत्पन्न नाही. नव्या पद्धतीत त्यांचा कर शून्य. जुन्या पद्धतीत एक लाख वीस हजारांची वजावट घेतल्यावर तेहतीस हजार दोनशे ऐंशी. मी तीनदा केलं. तेच आलं.

म्हणजे वर्षभर ज्या वजावटीसाठी सगळं केलं, ती न मागितली तर कर काहीच नव्हता. आणि मागायची तर तेहतीस हजार दोनशे ऐंशी रुपये भरून मागायची.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. शेवटची तारीख एकतीस जुलै, आणि ती चुकली तर जुनी पद्धत निवडताच येत नाही. मी तीस तारखेला रजा टाकून धुळ्याला गेलो. आबांच्या समोर लॅपटॉप ठेवला. अक्का कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापत होत्या, त्याही पिठाच्या हातानं येऊन उभ्या राहिल्या.

मी दोन्ही आकडे दाखवले. एका बाजूला शून्य, दुसऱ्या बाजूला तेहतीस हजार दोनशे ऐंशी.

आबांनी चष्मा पुसला. "शून्यात ज्योतीचं नाव कुठे येतं?"

"येत नाही. नव्या पद्धतीत हे व्याज विचारतच नाहीत."

"म्हणजे कर्ज आहे की नाही, ते सरकार बघणारच नाही."

"नाही."

"आणि यात?"

"यात सावकाराचं नाव, खातेक्रमांक एक, व्याज, सगळं येतं. आणि वजावट मिळाली तर तसं लेखी येतं."

"मग विचारायचं काय आहे?"

मी माणूस म्हणून माझं कर्तव्य केलं. म्हटलं, "आबा, हा धडधडीत तोटा आहे. कोणीही शहाणा माणूस शून्य निवडेल."

आबांनी खिशातून वजन काढून लॅपटॉपशेजारी टेबलावर ठेवलं. "भाऊ, तुमच्या मिलचा काटा शंभर किलोला चाळीस ग्रॅम कमी दाखवत होता. तोटा मिलचाच होता. मी शिक्का मारला होता का?"

"नाही."

"मग आता माझा तोटा आहे म्हणून काटा बदलू?"

मी अक्कांकडे बघितलं. आयुष्यभर या माणसाच्या विरोधात मत दिलेली बाई. पैशाच्या बाबतीत त्या माझ्याइतक्याच काटेकोर आहेत. दूधवाल्याचे खाडे त्या कॅलेंडरवर लिहितात. त्या स्क्रीनवरच्या शून्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मग पिठाच्या बोटानं दुसरा आकडा दाखवला. स्क्रीनवर डाग पडला.

"हाई भरा," त्या म्हणाल्या.

फॉर्ममध्ये विचारतात, नव्या पद्धतीतून बाहेर पडायचं आहे का. मी 'हो' केलं. चौदा माणसांची विवरणपत्रं मी भरतो. शून्य समोर दिसत असताना तेहतीस हजार मी आजवर कोणासाठीच निवडले नव्हते. आबांनी कर भरला. मोबाइलवर अंक आले, ते त्यांनी मोठ्यानं वाचले, मी टाइप केले. मग आम्ही कळण्याच्या भाकरी आणि भरीत खाल्लं. घरात बसून.

उत्तर यायला सात आठवडे लागले. अक्का रोज सकाळी मला फोन करायच्या. शेवटी एकदा ते आलं. दोन रकाने असतात: तुम्ही काय मागितलं, आणि खात्यानं काय मानलं. व्याजाच्या ओळीत दोन्हीकडे एकच आकडा होता, एक लाख वीस हजार. मी ते छापून धुळ्याला नेलं. त्यावर शिक्का नसतो, संगणकावरची सही असते. मला भीती होती. पण आबांनी या वेळी शिक्का मागितला नाही. दोन्ही रकान्यांतल्या आकड्यांखाली बोट ठेवून ते पुन्हा पुन्हा वाचत होते. मग म्हणाले, "पासपोर्टला फोटो किती लागतात?"

ते जानेवारीत गेले. विमानतळावर तपासणीत पितळी वजन निघालं. काय आहे, असं विचारल्यावर आबांनी त्याच्यावरचा शिक्का दाखवला आणि तो वाचायचा कसा तेही शिकवलं. रांग बरीच खोळंबली, असं अक्का सांगत होत्या. शेवटी सोडलं.

पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी अक्कांचा व्हिडिओ फोन आला. ज्योतीच्या स्वयंपाकघरात आबा टेबलापाशी बसले होते, अंगात जावयाचं पुढून उघडं स्वेटर आणि आतल्या शर्टाचा डावा खिसा ओघळलेला. टेबलावर ज्योतीचा पीठ मोजायचा काटा होता आणि त्याच्यावर पितळी वजन. शेजारी नात हनुवटी टेबलाला टेकून तो आकडा बघत होती.

"दोनशे," आबा मला म्हणाले. "बरोबर दोनशे."

ज्योतीनं त्यांच्यापुढे नळाच्या पाण्याचा ग्लास आणून ठेवला. आबांनी ग्लासाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, म्हणाले, "आभारी आहे, सावकार," आणि एका दमात सगळं पाणी प्यायले. ज्योती वळून सिंकमध्ये भांडी विसळायला लागली. भांडी स्वच्छच होती.

मी इकडे मिलच्या ऑफिसात बसलो होतो. सवयीनं हिशेब केला. दाखल्यासाठीची रजा, माझी बसभाडी, मुद्रांक सोडून दिले तरी एक ग्लास पाण्याला तेहतीस हजार दोनशे ऐंशी रुपये पडले होते. मी हे अक्कांना सांगितलं. सांगायला नको होतं, पण आकडा असेल तर मला गप्प बसवत नाही.

अक्कांनी फोन जवळ घेतला. "थांबा भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "दुसरा ग्लास मांगी ऱ्हायनात."

म्हणजे ग्लासामागे सोळा हजार सहाशे चाळीस.